पेटीचं पितळी बटण

प्रिय तुळसाआते,

फोनवर तू येत नाहीस, म्हणून पत्र. कधीही लावला तरी ताई सांगते, आते अंघोळीला गेलीय, आते जपाला बसलीय, आते आत्ताच जरा पडलीय. एवढ्या अंघोळी तर तू इथे विहिरीवर होतीस तेव्हाही करत नव्हतीस. पत्राला असं काही सांगता येत नाही. ते येतं आणि समोर पडून राहतं. चष्मा लाव आणि स्वतःच वाच हं. संचिताताईला मोठ्याने वाचायला देऊ नकोस, ती मधलं मधलं गाळते. माझं मराठी तुला माहीतच आहे, इंग्लिश मीडियमची कृपा, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चालवून घे.

गुडघा कसा आहे? ताई म्हणाली की वॉकर सुटला, आता काठी घेऊन गॅलरीत फेऱ्या मारतेस आणि खालच्या वॉचमनला वरून विचारतेस की जेवलास का. ऐकून खूप बरं वाटलं. इथे सगळे ठीक आहेत. काजूची बोंडं धरलीत. कलमांना मोहोर उशिरा आला, पण आलाय, बाबा रोज एकदा खाली जाऊन मान वर करून बघून येतात आणि काहीच बोलत नाहीत, म्हणजे बरा असणार. आईने तुझ्या खाटेवर पापड वाळत घालायचं ठरवलं होतं, पण मांजरीने आधीच जागा धरली. ती तिथून हलत नाही. ताईने मला फोनवर एक काम सांगितलंय, तुझ्या नावाने. ते मी अजून केलेलं नाही. त्याबद्दल शेवटी लिहिते.

आधी कॉम्प्युटरचं. कारण तू ते अर्धंच ऐकलंस. त्या दिवशी मी ताईशी बोलत होते तेव्हा तिने फोन स्पीकरवर टाकला होता, हे मला माहीत नव्हतं. मी हसत हसत सांगत होते की आतेने तेल घातलं आणि माझी नोकरी जायची वेळ आली. ताई म्हणते, तेवढं ऐकून तू हातातली शेंग ताटात ठेवलीस आणि आत गेलीस. पुढचं ऐकलंच नाहीस. आणि पुढचंच तर खरं सांगायचं होतं गे.

तुला आठवतं ना, पेटी कशी झाली? सगळे म्हणत होते लॅपटॉप घे, आणि मला स्वतः जोडलेलाच हवा होता. मदरबोर्ड कोल्हापूरहून आला, पॉवर सप्लाय कणकवलीच्या एका मुलाकडून जुना मिळाला, आणि कॅबिनेट घ्यायचं राहिलं तेव्हा तू मागच्या खोलीतून आंब्याची लाकडी पेटी काढून आणलीस. हापूस ह्येच्यात जाता तर ह्यां कित्याक नाय जावचां, म्हणालीस. पेटीच्या फटींमधून हवा खेळते, हे तर विकतच्या डब्यापेक्षा चांगलं निघालं. मी स्क्रू लावत होते आणि तू शेजारी पाट घेऊन बसली होतीस, वाटीत स्क्रू धरून. बाकी सगळ्यांनी मला विचारलं, याचा उपयोग काय. तू एकेका भागावर बोट ठेवून विचारलंस, ह्येचा काम काय. फॅनचं काम सांगितलं, मेमरीचं सांगितलं, आणि शेवटी मी म्हटलं की आता चालू करायचं बटण तेवढं नाहीये. तू उठलीस आणि दाराच्या चौकटीवरचं बेलचं पितळी बटण उपटून आणलंस. घराला बेल हवी कशाला, येणारा दारापुढच्या खळ्यातूनच हाक मारतो. चिंचेने घासून ते इतकं चकचकीत केलंस की विकतच्या कुठल्याच कॅबिनेटला तसं बटण नसेल. मी त्याचा फोटो फोरमवर टाकला होता. फोरम म्हणजे माझ्यासारखे वेडे लोक जिथे एकमेकांना प्रश्न विचारतात ती जागा. कॅनडातल्या एका माणसाने विचारलं, हे कुठे मिळतं. मी लिहिलं, आमच्या दारावर.

मग तू नोव्हेंबरात गुडघ्याच्या ऑपरेशनला ताईकडे पुण्याला गेलीस आणि डिसेंबरात मला ते काम मिळालं. घरून करायचं, पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचं. ज्यांचे कॉम्प्युटर बिघडतात ते फोन करतात आणि आपण फोनवरून विचारून विचारून काय बिघडलंय ते शोधायचं. माझ्यासाठी हे म्हणजे काम नाही, खाऊ आहे. पण आधी ट्रायल होती, सकाळची पाळी. वेळेवर लॉगिन झालंच पाहिजे, ही पहिली अट. बाबांनीही त्यांची अट घातली. म्हणाले, "चालला तर हयसर रव. नाय चालला तर ताईकडे पुण्याक जा, थंय ऑफिसात बस." रागाने नाही गे, तुला माहितीये ते कसे बोलतात. पण मला जायचं नव्हतं. पुणं वाईट नाही, पण मला ही खिडकी हवी होती, जिथून कलमं दिसतात.

आणि नेमकी थंडी सुरू झाली तशी पेटी आजारी पडली. सकाळी बटण दाबलं की फॅन फिरायचा, दिवा लागायचा, मला वाटायचं झालं, आणि चार-पाच सेकंदात सगळं गप्प. पुन्हा दाबलं तर कधी काहीच नाही, कधी पुन्हा तेच. आणि दुपारी? दुपारी एकदम शहाणी. संध्याकाळीही शहाणी. मी जेवून तिला दहादा बंद-चालू करून बघायचे, एकदाही चुकायची नाही. आई म्हणाली, शाळेत जायच्या वेळी तुझ्या पोटात दुखायचं तसंच आहे हे.

मी काय काय केलं ते ऐक. पहिला संशय पॉवर सप्लायवर, कारण तो जुना. कणकवलीच्या त्या मुलाला मी बरंच ऐकवलं, त्या बिचाऱ्याने दुसरा आणून दिला, तोही सकाळी तसाच. मग मेमरी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले. मग वाटलं, सकाळी सगळ्यांचे पंप चालू असतात, व्होल्टेज पडत असेल, म्हणून बाबांना आपला पंप उशिरा लावायला सांगितला. मग अर्थिंग. घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मी रोज सकाळी कळशीभर पाणी ओतत होते आणि बाबली, तो आपला माडावर चढणारा, कुंपणावरून विचारत होता की थंय काय लावलंस गे, केळ काय? फोरमवर विचारलं. कॅनडावाला म्हणाला, थंडीने असेल, किती थंडी आहे तुमच्याकडे? मी सांगितलं अठरा डिग्री. त्याने फक्त हसण्याचं चित्र पाठवलं.

मध्ये माझं लॉगिन उशिरा होत होतं. कधी अर्धा तास, एकदा तर ऊन वर येईपर्यंत. आमच्या दीपिका मॅडम, म्हणजे माझ्या वरच्या, त्यांनी दोनदा समजावून सांगितलं आणि तिसऱ्यांदा शांतपणे विचारलं, अपेक्षा, लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मुलीचा स्वतःचा कॉम्प्युटर चालू होत नाही, हे मी वर कसं सांगू? त्या दिवशी बाबांनी ताईला फोन करून विचारून ठेवलं की तिच्याकडे माझी सोय होईल का. मला ते ओटीवरून ऐकू आलं. मी तेव्हा तुझ्या खाटेवर मांजरीला बाजूला सारून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी पुन्हा गप्प झाली, तेव्हा मी वैतागून बाहेर खळ्यात आले. आई वेणी घालायला बसली होती आणि खोबरेलाची बाटली उपडी करून तळव्यावर आपटत होती. थेंब पडत नव्हता. तिने बाटली माझ्या हातात दिली. "त्याल गोठलां बघ, उन्हात ठेव जरा." मी ती कुंपणाच्या गडग्यावर, ऊन पडलं होतं तिथे ठेवली. बाटलीत सगळं पांढरं, मेणासारखं. मी बघत उभी राहिले आणि कडेने ते हळूहळू सुटायला लागलं. आते, खरं सांगते, तेव्हाही मला काही कळलं नाही. आईच बोलता बोलता म्हणाली की संचिताला बघायला आले तेव्हाही अशीच थंडी होती, त्या बेलने किती फजिती केली.

आणि मला ती बेल आठवली. मी तेव्हा शाळकरी होते. जितेंद्र भावोजींचे काका पुढे आले, शहरातल्या रीतीने बेलचं बटण दाबलं, बोट काढलं, आणि बेल वाजायची थांबेना. काका बोट हवेत धरून उभे, भावोजी खाली मान घालून हसतायत, आत पोहे करपतायत, आणि तू पिठाच्या हातांनी बाहेर येऊन चौकटीवरची वायरच ओढून काढलीस. म्हणालीस, "येवा, आता वाजूचा नाय." लग्न ठरलं, पण बेल पुन्हा कोणी जोडली नाही.

मी खळ्यात उभी राहून मोठ्याने म्हणाले, बटण! बटण दाबलेलंच राहत होतं. तुला समजावून सांगते. कॉम्प्युटरचं बटण एकदा दाबून सोडलं तर तो चालू होतो. पण दाबून तसंच धरून ठेवलं तर चार-पाच सेकंदांनी तो समजतो की मालकाला मला जबरदस्तीने बंद करायचंय, आणि बंद होतो. हे मी रोज फोनवर लोकांना सांगत होते, कॉम्प्युटर अडकला असेल तर बटण दाबून धरा, बंद होईल. रोज! आणि माझ्या समोर पेटी तेच करत होती. धावत आत गेले, बटणाच्या दोन वायरी सोडवल्या आणि त्यांची टोकं क्षणभर एकमेकांना लावली. पेटी चालू झाली आणि चालूच राहिली. मी त्या दिवशी वेळेवर लॉगिन केलं, वायरी हातात धरून.

दुपारी बटण उघडायच्या आधी मी ते मुद्दाम बर्फ टाकलेल्या पाण्याच्या बादलीत ठेवलं, एका पिशवीत बांधून, म्हणजे आतलं जसंच्या तसं दिसेल. उघडलं. आत स्प्रिंगभोवती पांढरं, घट्ट खोबरेल, आणि त्यात कुंकवाची लाल कणी.

तेव्हा मला खंडेनवमी आठवली. तू कोयता, कुदळ, भाजी चिरायचा आडाळो, बाबांचा फवारणीचा पंप, शिलाई मशीन, सगळं घासूनपुसून ओळीने मांडलं होतंस आणि प्रत्येकाच्या सांध्यात खोबरेलाचा थेंब सोडला होतास. मग माझ्याकडे वळून म्हणालीस, पेटी आण. मी म्हटलं, आते, हे काय हत्यार आहे? आणि तू म्हणालीस, "तुझ्या हातातला हत्यार ह्यांच मा? मग तेका उपाशी कित्याक ठेवचा?" तू पेटीभर शोधलंस, सांधा कुठे आहे ते. हलणारी एकच गोष्ट होती, पितळी बटण. तिथे तेल लावलंस, कुंकू लावलंस, झेंडूचं फूल ठेवलंस. ऑक्टोबरच्या उकाड्यात ते तेल पातळ होतं, बटण लोण्यासारखं चालायचं. मीच म्हणाले होते, आते, मस्त झालं. थंडी पडल्यावर तेच तेल सकाळी गोठायचं, बटण आत गेलं की आतच राहायचं, आणि ऊन चढलं की सुटायचं. तू तर दारावर असतानाही दर दसऱ्याला त्याला तेल लावायचीस, पितळ हिरवं पडू नये म्हणून. काकांची फजितीही त्यामुळेच. एवढी वर्षं कोणाला कळलंच नाही.

आता हे पुढचं, जे तू ऐकलं नाहीस. मी त्याच दिवशी दीपिका मॅडमना सगळं लिहून पाठवलं, उशिरा लॉगिन का होत होतं, काय काय बदललं, शेवटी काय निघालं, अगदी कुंकवासकट. मला वाटलं होतं, गेली नोकरी. त्यांचा फोन आला. त्या इतक्या हसत होत्या की आधी मला कळेना की बोलतंय कोण. त्यांचं माहेर सांगलीकडचं. म्हणाल्या, आमच्याकडे दसऱ्याला ट्रॅक्टरच्या बॅटरीवर पंचामृत पडायचं. मग म्हणाल्या, आपण लोकांना विचारतो की कॉम्प्युटर कुठला, किती जुना, कधी बंद पडतो. त्याच्यासाठी घरात कोणी काय केलं, हे कोणीच विचारत नाही. आजपासून तू विचार.

मी विचारायला लागले. कराडचे एक छापखानेवाले काका, त्यांचा कॉम्प्युटर अधूनमधून झटका बसल्यासारखा बंद पडायचा. तीन जणांनी बघून झालं होतं. मी विचारलं, काका, एवढ्यात मशीनची पूजा वगैरे झाली होती का? पलीकडून अगदी हळू आवाजात, "नारळ फोडला होता, पण शेजारी." नारळाचं पाणी वायरींच्या बोर्डात गेलं होतं. बोर्ड बदलला, काम झालं. काका मला म्हणाले, तुम्हाला हे सुचलं कसं हो? मी म्हटलं, माझ्या आतेमुळे. अगदी असंच म्हटलं. मॅडमनी नव्या मुलांना शिकवताना पेटीची गोष्ट सांगायची असं ठरवलंय, आणि ती मी सांगते, बटणाचा फोटो दाखवून. ट्रायल संपली, मी कायम झाले. बाबांना सांगितलं तेव्हा ते फवारणीचं औषध ढवळत होते. मान वर न करता म्हणाले, "रव मग हयसर." आणि संध्याकाळी सुतार बोलावून माझं टेबल खिडकीला लावून घेतलं.

म्हणजे बघ, तुझं तेल नसतं तर पेटी बिनबोभाट चालली असती, मी रोज लॉगिन केलं असतं, आणि मॅडमसाठी मी फोन उचलणारी एक मुलगी राहिले असते. नोकरी जायची वेळ आली ती तेलामुळे, हे खरं. पण राहिली तीही त्यामुळेच. आणि पेटी दिलीस तू, बटण दिलंस तू, स्क्रूची वाटी धरलीस तू. त्या पेटीत माझे फक्त हात आहेत. मी ताईला फोनवर हे सगळं हसत सांगत होते, कारण मला इतका आनंद झाला होता की सरळ बोलता येत नव्हतं.

आता ते काम. ताई म्हणाली, तू तिला सांगितलंस की अपेक्षाला सांग, माझी ट्रंक पुण्याला पाठव. वर असंही म्हणालीस म्हणे, "माका थंय आता कशाक हात लावूक देव नकात, इस्कोट करतंय मी." तीन दिवस झाले, मी ती ट्रंक तुझ्या खाटेखालून बाहेर ओढून ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. कुरियरवाला तळेऱ्याहून येऊन परत गेला. कडी गंजली होती, उघडत नव्हती. मी ट्रंक उघडली नाही, पण कडीला खोबरेल लावलं, सांध्यांनाही, तू लावतेस तसं, बोटाने. आता कडी चांगली फिरते. मग मी ती परत खाटेखाली सारली. मांजर तिच्यावर जाऊन बसली. पितळी बटण मी पुसून कोरडं करून पेटीला परत लावलंय, पण खाऱ्या वाऱ्याने कडेला हिरवं पडायला लागलंय, आणि चिंचेने घासायला मी कोणालाही देणार नाही, स्वतःलाही नाही. आंबे उतरायच्या आत बाबा तुला न्यायला येतील. डॉक्टरांना विचारून दिवस कळव. तू ट्रंक मागवलीस, आते. मी ट्रंकेऐवजी हे पत्र पाठवतेय.

तुझ्या वाटीतल्या स्क्रूंची मालकीण,
तुझीच
अपेक्षा